यांत्रिक ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील गणिते कशी सोडवावीत : समीकरण लिहिण्याआधीचे निर्णय आणि नंतरची तपासणी

यांत्रिक ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एका ओळीत लिहिता येतो आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तो पाठही असतो. तरीही त्यावरची गणिते चुकतात, आणि ती आकडेमोडीत क्वचितच चुकतात. चूक त्याआधीच होऊन गेलेली असते. नियम लागू होतो की नाही हे न पाहताच तो लावला जातो, कोणत्या दोन क्षणांची तुलना करायची हे पक्के ठरलेले नसते, किंवा ज्या प्रश्नाचे उत्तर ऊर्जा देऊच शकत नाही तो प्रश्न तिच्यावर सोपवला जातो. म्हणून या लेखात समीकरणापेक्षा ते लिहिण्यापूर्वीच्या निर्णयांना अधिक जागा दिली आहे.

नियमाचे नेमके विधान असे : एखाद्या प्रणालीवर फक्त गुरुत्वबल आणि स्प्रिंगचे स्थितिस्थापक बल हीच कार्य करत असतील, म्हणजे ऊर्जा देत किंवा काढून घेत असतील, तर त्या प्रणालीची गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज प्रत्येक क्षणी तेवढीच राहते. या बेरजेलाच यांत्रिक ऊर्जा म्हणतात. पायाभूत भौतिकशास्त्रात त्यासाठी तीन सूत्रे पुरतात.

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × (चाल)²
गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची
स्प्रिंगची स्थितिज ऊर्जा = ½ × स्प्रिंगचा स्थिरांक × (लांबीतील बदल)²

पहिल्या सूत्रात वेगाची दिशा कुठेही येत नाही, येते ती फक्त चाल, आणि तीही वर्गात. हा वर्ग प्रयोगातूनही दिसला होता. १७२० च्या दशकात डच शास्त्रज्ञ विलेम स्ग्रावेसांडे यांनी मऊ मातीवर पितळी गोळे वरून सोडून पाहिले, तेव्हा चाल दुप्पट झाली की गोळा चौपट खोल रुतत असल्याचे आढळले. पुढील सर्व उदाहरणांत गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले आहे.

पहिली पायरी : बलांची यादी करा आणि प्रत्येकाचे कार्य तपासा

गणित हाती आल्यावर आकृती काढावी, वस्तूवरील सर्व बले दाखवावीत आणि प्रत्येक बलाविषयी एकच प्रश्न विचारावा : हे बल कार्य करते का? बल विस्थापनाला सतत लंब असेल, तर त्याचे कार्य शून्य असते. लंबकाच्या दोरीतील ताण बराच मोठा असू शकतो, परंतु गोळा नेहमी दोरीला लंब दिशेने सरकतो, म्हणून ताण त्याच्या ऊर्जेत काहीही भर घालत नाही किंवा घट करत नाही. स्थिर, गुळगुळीत उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यावरील लंब बलाचेही तसेच आहे.

‘स्थिर’ हा शब्द इथे विनाकारण आलेला नाही. उतार स्वतःच जमिनीवर मोकळेपणाने सरकू शकत असेल, तर ठोकळ्याचा मार्ग जमिनीच्या संदर्भात उताराच्या पृष्ठभागाला समांतर राहत नाही, आणि मग लंब बल ठोकळ्यावर ऋण कार्य करते व उतारावर तेवढेच धन कार्य करते. अशा वेळी एकट्या ठोकळ्याची यांत्रिक ऊर्जा कायम राहत नाही, पण ठोकळा आणि उतार यांची एकत्रित यांत्रिक ऊर्जा कायम राहते. म्हणजे प्रणालीत काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हा निर्णय गणिताच्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

गुरुत्वबल आणि स्प्रिंगचे बल यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी केलेले कार्य फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थानावर अवलंबून असते, मधल्या मार्गावर नाही. याच कारणाने त्यांच्यासाठी स्थितिज ऊर्जा सांगता येते. घर्षणाचे तसे नाही. वस्तू मूळ जागी परत आणली तरी घर्षणाने जाताना व येताना दोन्ही वेळा ऊर्जा काढून घेतलेली असते. हवेचा रोध, हाताने लावलेला जोर, मोटारीचे बल यांपैकी एखादे यादीत असेल, तर अक्षय्यतेचे साधे समीकरण वापरता येणार नाही, त्याचा विस्तार करावा लागेल.

घर्षण दिसले की ऊर्जा कमी होणारच, असे मात्र समजू नये. न घसरता गोल फिरत जाणाऱ्या चेंडूचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे तेथील स्थितिक घर्षण कार्य करत नाही आणि यांत्रिक ऊर्जा टिकून राहते. फक्त गतिज ऊर्जेचा काही वाटा फिरण्यात जातो. भरीव गोळ्याच्या बाबतीत तो वाटा एकूण गतिज ऊर्जेच्या २/७ असतो, म्हणून तोच गोळा त्याच उंचीवरून घरंगळत आला तर घर्षणरहित घसरणीपेक्षा कमी चालीने तळाशी पोहोचतो.

दुसरी पायरी : दोन क्षण निवडा आणि उंचीचा शून्य ठरवा

ऊर्जेची पद्धत म्हणजे दोन क्षणांचा जमाखर्च आहे, मधला प्रवास तिला ठाऊक नसतो. पहिला क्षण असा निवडावा की ज्यातील बहुतेक राशी माहीत आहेत, आणि दुसरा असा की ज्यात नेमकी हवी असलेली राशी अज्ञात आहे. वस्तू क्षणभर स्थिर होते अशा जागा, उदाहरणार्थ फेकीचा सर्वोच्च बिंदू, लंबकाचे टोक किंवा स्प्रिंगच्या सर्वाधिक दाबाचा क्षण, सोयीच्या असतात, कारण तेथे गतिज ऊर्जेचे पद गळून पडते. तिरक्या फेकीत मात्र सर्वोच्च बिंदूवर फक्त उभ्या दिशेचा वेग शून्य होतो, आडवा वेग तसाच राहतो. ही गफलत फार वेळा होते.

उंचीचा शून्य कोठेही घेता येतो, कारण उत्तरात फक्त उंचींतील फरक येतो. सर्वांत खालचा बिंदू शून्य घेतला की ऋण चिन्हे टळतात. एकदा शून्य ठरवला की त्या गणितात तो हलवू नये.

निवडलेल्या क्षणांच्या मध्ये कोणतीही टक्कर येत नाही, हेही पाहावे. हा इशारा किती गंभीर आहे ते आकड्यांतून दिसते. इंग्लिश गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये गोळीची चाल मोजण्यासाठी लंबकाची युक्ती मांडली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतते आणि ठोकळा किती झुलला त्यावरून तिची चाल काढता येते. समजा गोळी १० ग्रॅमची, तिची चाल ४०० मीटर प्रति सेकंद आणि ठोकळा १.९९ किलोग्रॅमचा आहे. गोळीची गतिज ऊर्जा ८०० ज्यूल. ही सर्वच्या सर्व उंचीत बदलली असे धरले, तर २ किलोग्रॅमचा जोड सुमारे ४०.८ मीटर वर जायला हवा. प्रत्यक्षात गोळी रुतण्याच्या अल्प काळात लाकूड फाटते आणि तापते, म्हणून तेवढ्या टप्प्यासाठी संवेग अक्षय्यता, म्हणजे वस्तुमान × वेग यांची एकूण बेरीज टिकते हा नियम, वापरावी लागते. ०.०१ × ४०० = २ × चाल, म्हणजे जोडाची चाल २ मीटर प्रति सेकंद. त्यानंतरच्या झुलण्यात यांत्रिक ऊर्जा टिकते, म्हणून उंची = (२)² ÷ (२ × ९.८), म्हणजे सुमारे ०.२० मीटर. एका चुकीच्या गृहीतकामुळे २० सेंटिमीटरच्या जागी जवळपास ४१ मीटर उत्तर आले असते. टक्करीनंतर यांत्रिक रूपात फक्त ४ ज्यूल उरतात.

तिसरी पायरी : समीकरण मांडा, पण आकडे उशिरा घाला

पहिल्या क्षणाची एकूण ऊर्जा डाव्या बाजूला, दुसऱ्या क्षणाची उजव्या बाजूला, आणि दोन्हीकडे गतिज, गुरुत्वीय व स्प्रिंगची अशी तिन्ही पदे लिहावीत. जे पद शून्य आहे ते शून्य म्हणून लिहून मग खोडावे. असे केल्याने कोणते पद विचारपूर्वक वगळले आणि कोणते विसरले, यातील फरक कागदावर दिसतो. आकडे शेवटी घातले की बहुतेक वेळा वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि उत्तराचा खरा अर्थ कळतो.

उदाहरणार्थ, १५ मीटर उंचीच्या गच्चीवरून १० मीटर प्रति सेकंद चालीने एक चेंडू सरळ वर, एक सरळ खाली आणि एक आडवा फेकला. हवेचा रोध सोडून दिला तर तिन्हींसाठी समीकरण एकच आहे :

(शेवटची चाल)² = (सुरुवातीची चाल)² + २ × गुरुत्व त्वरण × उंची = १०० + २९४ = ३९४

म्हणून तिन्ही चेंडू सुमारे १९.८ मीटर प्रति सेकंद चालीने जमिनीवर आदळतात. वस्तुमान दिलेले नसूनही अडले नाही. मात्र त्यांना लागणारा वेळ अगदी वेगवेगळा आहे : वर फेकलेल्याला सुमारे ३.०५ सेकंद, आडव्याला १.७५ सेकंद आणि खाली फेकलेल्याला १.०१ सेकंद. ऊर्जेच्या समीकरणात काळ नसतो आणि दिशाही नसते, त्यामुळे ‘किती वेळाने’ आणि ‘कोणत्या कोनात’ हे प्रश्न गतीच्या समीकरणांनीच सोडवावे लागतात.

स्प्रिंगचे एक गणित, सावकाश

या विषयातील जवळजवळ सर्व नेहमीच्या चुका एकाच गणितात सापडतात, म्हणून ते येथे सविस्तर घेतो. उभ्या ठेवलेल्या स्प्रिंगचा स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर आहे. तिच्या वरच्या टोकापासून ०.४ मीटर उंचीवरून ०.५ किलोग्रॅमचा ठोकळा अलगद सोडला. स्प्रिंगचे वस्तुमान आणि टेकतानाची हानी नगण्य मानू. स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबेल?

पहिला क्षण ठोकळा सोडण्याचा, दुसरा सर्वाधिक दाबाचा. दोन्ही वेळी ठोकळा स्थिर आहे, म्हणून गतिज ऊर्जा दोन्हीकडे शून्य. सर्वाधिक दाबाच्या पातळीवर उंची शून्य घेतली तर सुरुवातीची उंची ०.४ नसून ०.४ + दाब इतकी आहे, कारण स्प्रिंग दबत असतानाही ठोकळा खाली येतच असतो. ठोकळ्याचे वजन ०.५ × ९.८ = ४.९ न्यूटन. म्हणून

४.९ × (०.४ + दाब) = १०० × (दाब)²

हे वर्गसमीकरण सोडवले की दाब ०.१६७ मीटर, म्हणजे सुमारे १६.७ सेंटिमीटर मिळतो. कंसातील ‘+ दाब’ विसरल्यास उत्तर नेमके १४ सेंटिमीटर येते, आणि ते इतके नेटके दिसते की शंकाही येत नाही. समीकरणाचे दुसरे मूळ ऋण आहे, सुमारे –११.८ सेंटिमीटर. त्याचा अर्थ स्प्रिंग ताणली गेली असा होतो. ठोकळा स्प्रिंगला चिकटलेला असता तर वर झुलताना तो तिथवर गेला असता, पण येथे तो नुसता टेकलेला आहे आणि स्प्रिंग त्याला ओढू शकत नाही, म्हणून ते मूळ सोडून द्यायचे.

आणखी एक चूक याहून खोल आहे. ‘ठोकळा थांबला, म्हणजे त्यावरील बले समान झाली’ असे मानून ४.९ = २०० × दाब लिहिले तर २.४५ सेंटिमीटर येतात. तेथे बले समान होतात हे खरे आहे, पण ठोकळा तेथे थांबत नाही, उलट तेथेच त्याची चाल सर्वाधिक असते. पडताळून पाहू. स्प्रिंगला टेकताना चालीचा वर्ग २ × ९.८ × ०.४ = ७.८४, म्हणजे चाल २.८० मीटर प्रति सेकंद. आणखी २.४५ सेंटिमीटर खाली गेल्यावर गुरुत्वाने दिलेली ऊर्जा ४.९ × ०.४२४५ = २.०८ ज्यूल, त्यातील ०.०६ ज्यूल स्प्रिंगमध्ये साठली, उरलेल्या २.०२ ज्यूलवरून चाल सुमारे २.८४ मीटर प्रति सेकंद. टेकल्यानंतरही ठोकळा थोडा वेळ वेग घेतच राहतो, कारण सुरुवातीला स्प्रिंगचे बल त्याच्या वजनापेक्षा कमी असते. वेग शून्य असणे आणि बल शून्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला या गणितातून उमजले त्याला पुढे दोलनगतीचा पाठ फारसा जड जात नाही, असे माझे मत आहे.

चौथी पायरी : ऊर्जा एकटी पुरते का, ते पाहा

उभ्या वर्तुळाकार रुळावरून ठोकळा पूर्ण फेरी मारण्यासाठी तो किती उंचीवरून सोडावा लागेल? अनेकजण उत्तर देतात : वर्तुळाच्या माथ्याएवढ्या उंचीवरून, म्हणजे तळापासून त्रिज्येच्या दुप्पट. तसे केल्यास माथ्यावर चाल शून्य असायला हवी, आणि तिथवर पोहोचण्याआधीच ठोकळा रूळ सोडून खाली पडतो. रुळाशी संपर्क टिकायचा, तर माथ्यावर किमान गुरुत्वबल तरी वर्तुळगतीसाठी पूर्णपणे खर्ची पडले पाहिजे. ही अट न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून येते : (चाल)² = गुरुत्व त्वरण × त्रिज्या. ती ऊर्जेच्या समीकरणात घातली की आवश्यक उंची त्रिज्येच्या २.५ पट निघते. ठोकळ्याऐवजी लहान भरीव गोळा न घसरता घरंगळत येत असेल, तर फिरण्याच्या ऊर्जेमुळे ती २.७ पट होते. तारेत ओवलेल्या मण्याला मात्र तार आतून आणि बाहेरून दोन्हीकडून धरून ठेवते, म्हणून त्याच्यासाठी दुपटीहून किंचित जास्त उंची पुरते.

दोरीतील ताण, पृष्ठभागाचे लंब बल, संपर्क सुटण्याचा क्षण यांविषयी प्रश्न असेल, तर ऊर्जेतून चाल काढावी आणि बलाचे समीकरण वेगळे मांडावे. लंबक उभ्या रेषेपासून ६० अंशांवरून सोडला तर तळाशी दोरीतील ताण गोळ्याच्या वजनाच्या बरोबर दुप्पट होतो. हे अशाच दोन समीकरणांतून स्वतः काढून पाहावे.

पाचवी पायरी : घर्षण असेल तर

अशा वेळी समीकरण असे होते : सुरुवातीची यांत्रिक ऊर्जा + इतर बलांनी केलेले कार्य = शेवटची यांत्रिक ऊर्जा. घर्षणाचे कार्य ऋण असते. ३ किलोग्रॅमची पेटी २ मीटर उंच आणि ५ मीटर लांब उताराच्या माथ्यावरून सोडली आणि तळाशी तिची चाल ५ मीटर प्रति सेकंद भरली, असे समजा. स्थितिज ऊर्जा ५८.८ ज्यूलने कमी झाली, गतिज ऊर्जा ३७.५ ज्यूल मिळाली, म्हणजे २१.३ ज्यूल घर्षणाने घेतले. ५ मीटर अंतराने भागले की सरासरी घर्षणबल सुमारे ४.३ न्यूटन. येथे भागाकार उताराच्या लांबीने करायचा, उंचीने नाही, कारण घर्षण उताराच्या दिशेने असते.

हे २१.३ ज्यूल नाहीसे झालेले नाहीत, पेटी आणि उतार त्यांनी किंचित तापले आहेत. ही वाढ हाताला का जाणवत नाही, हे जेम्स ज्यूल यांच्या १८४० च्या दशकातील प्रयोगांवरून कळते. खाली येणाऱ्या वजनांनी त्यांनी पाण्यातील पाती फिरवली आणि पाण्याच्या तापमानातील वाढ मोजली. १ किलोग्रॅम वजन १ मीटर खाली आले आणि त्याची सगळी ऊर्जा १ किलोग्रॅम पाण्यात गेली, तर पाणी जेमतेम ०.००२३ अंश सेल्सिअसने तापते. यांत्रिक दृष्टीने बरीच वाटणारी ऊर्जा उष्णतेच्या मापात इतकी लहान असते.

सहावी पायरी : उत्तर तपासा

एकके जुळतात का हे पाहणे सर्वांना ठाऊक असते. त्याहून उपयोगी तपासणी म्हणजे टोकाच्या स्थिती घालून पाहणे. उंची शून्य केली तर चाल बदलू नये, स्प्रिंगचा स्थिरांक प्रचंड वाढवला तर दाब शून्याकडे जावा, घर्षण शून्य केले तर मूळ अक्षय्यतेचे समीकरण परत मिळावे. शिवाय वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची हे सूत्र पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळच चालते. उंची पृथ्वीच्या त्रिज्येएवढी, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर झाली, तर ते खऱ्या मूल्याच्या दुप्पट ऊर्जा सांगते, कारण वर जाताना गुरुत्व कमी होत जाते.

आकडे कागदावर पटले तरी नियम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राहू नये, आणि त्यासाठी दोरा, एक जड गोळा आणि एक खिळा एवढे पुरेसे आहे. १ मीटर लांबीच्या दोऱ्याला गोळा बांधून भिंतीजवळ टांगा आणि गोळा थोडासा बाजूला नेऊन सोडा. दुसऱ्या बाजूला तो जवळजवळ तेवढ्याच उंचीवर जातो. आता टांगण्याच्या बिंदूच्या सरळ खाली ३० सेंटिमीटरवर खिळा ठोका, म्हणजे दोरा मध्येच अडेल. गोळ्याचा पुढचा मार्ग लहान वर्तुळाचा होतो, तरी तो त्याच उंचीपर्यंत चढतो. गॅलिलिओ यांनी १७ व्या शतकात मांडलेला प्रयोग तो हाच. पुढे दोरा आडवा ताणून गोळा सोडायचा आणि तो खिळ्याभोवती पूर्ण फेरी मारील इतका खिळा खाली घ्यायचा. माथ्यावरची अट आणि ऊर्जेचे समीकरण एकत्र केले, तर लहान वर्तुळाची त्रिज्या दोऱ्याच्या २/५ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे खिळा टांगण्याच्या बिंदूपासून किमान ६० सेंटिमीटर खाली हवा. हवेचा रोध आणि दोऱ्याचा खिळ्याशी होणारा घर्षणव्यय यांमुळे नेमक्या ६० सेंटिमीटरवर दोरा माथ्याजवळ सैल पडण्याचा संभव असतो, म्हणून आरंभ ६५ सेंटिमीटरपासून करावा आणि खिळा थोडा थोडा वर सरकवत फेरी कोठे मोडते ते टिपून ठेवावे.